अनुभव धागा : वाळवंटातल्या पुरलेल्या खजिन्याच्या गोष्टी, बेदुइनांच्या तोंडून ऐकलेल्या

निशिगंधा

काल दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे डबे खाली काढले. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात तळाला मरमियाची पानं निघाली. तेरा वर्षांची, चुरा झालेली. पण झाकण उघडल्याबरोबर असा वास आला की मी शिडीच्या पायरीवरच बसून राहिले. हा हज्जाच्या चहाचा वास.

नवरा जॉर्डनला फॉस्फेटच्या प्रकल्पावर होता, आम्ही तीन वर्षं अकाबाला राहिलो. पेट्रा, ते डोंगरात कोरलेलं प्राचीन शहर, तिथून दोन तासांवर. घरून कोणीही आलं की त्यांना पेट्रा दाखवायचं, त्यामुळे माझ्या अकरा वाऱ्या झाल्या. आत जुन्या दगडी नाट्यगृहाच्या पुढे, कातळाच्या वळचणीला ताडपत्री बांधून एक म्हातारी चहा विकायची. सगळे तिला हज्जा म्हणत, म्हणून आम्हीही. बदूल टोळीतली, म्हणजे बेदुइन किंवा बदू म्हणतात त्या वाळवंटातल्या भटक्या लोकांपैकी. तिचा जन्म तिथल्याच एका गुहेतला. लग्न, मुलं सगळं गुहेतच. १९८५ साली पेट्रा जागतिक वारसा झालं आणि त्याच सुमारास या लोकांना वरच्या अंगाला उम्म सैहून नावाच्या नव्या वस्तीत हलवलं. पण हज्जा रोज सकाळी गाढवावरून खाली यायचीच.

पहिल्या वेळी सासूबाई बरोबर होत्या. सीकमधून, म्हणजे त्या चिंचोळ्या घळीतून सव्वा किलोमीटर चाललं की समोर एकदम तो चाळीस मीटर उंचीचा गुलाबी दर्शनी भाग येतो. गाईड म्हणाला, "अल खझ्ने." सासूबाई पटकन म्हणाल्या, "म्हणजे आपला खजिनाच की गं!" आणि खरंच तोच शब्द. आपल्याकडे तो अरबीतूनच आलाय. गाईडला इतका आनंद झाला की त्याने पुढचा अर्धा तास सगळं त्यांनाच सांगितलं.

वर अगदी टोकाला दगडी घट आहे. त्याच्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. ते बंदुकीच्या गोळ्यांचे. लोकांची पक्की समजूत होती की फेरोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं, सोनं त्या घटात आहे, नेम बरोबर लागला तर घट फुटेल आणि नाणी खाली पडतील. घट आहे भरीव. डोंगरातूनच कोरून काढलेला, आत पोकळी नाहीच.

हे मी हज्जाला विचारलं. माझं अरबी बाजारहाटापुरतं, तिचा नातू इंग्रजीत मदत करत होता. तिने गोष्ट सांगितली ती अशी : मूसा (म्हणजे मोझेस) पुढे, फेरो मागे. खजिन्याचं ओझं इतकं की फेरोचं सैन्य मागे पडायला लागलं. शेवटी त्याने जादूने डोंगरात हे घर उभं केलं, वरच्या घटात सगळं सोनं ठेवलं आणि मोकळा होऊन पुढे निघाला. परत आलाच नाही. (तिथे सगळं मूसाच्या आणि फेरोच्या नावावर आहे. गावाचं नाव वादी मूसा. आत एक मोठं देऊळ उभं आहे ते 'फेरोच्या पोरीचा वाडा', जो वाड्यात पाणी आणेल त्याच्याशी ती लग्न करणार होती म्हणे.) "डावीकडचा मोठा खड्डा माझ्या आजोबांचा," हज्जा म्हणाली. मी विचारलं, मग फुटला का नाही? म्हणाली, रसद आहे त्यावर. रसद म्हणजे राखणदार.

मग तिने माझं मनगट धरलं. हात उन्हाने तडकलेला आणि खूप गरम. म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांबून, एवढे पैसे खर्चून दगड बघायला येता? खरं सांग, पोरी."

मी म्हटलं, खरंच हज्जा, दगडच बघायला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ग्लासात चहा ओतत म्हणाली, "कोणीच सांगत नाही."

आज सकाळपासून तेच वाक्य डोक्यात आहे. तुमच्यापैकी आखातात, जॉर्डनला, इजिप्तला राहिलेले, फिरलेले बरेच आहेत. बेदुइन लोकांत अशा पुरलेल्या धनाच्या गोष्टी ऐकल्या असतील तर लिहा ना.

चिंगी

काय सुंदर लिहिलंयस गं. रुमाल टाकून ठेवते, भाजी फोडणीला टाकून येते.

कुर्डुवाडीकर

आम्ही मागच्या मार्चमध्ये जाऊन आलो, चाळीस जणांचा ग्रुप. घट बघितला, खड्डेही बघितले, पण आमच्या गाईडने ही गोष्ट दोन वाक्यांत उरकली. जेवायला उशीर होत होता. आता वाटतं, थांबून विचारायला हवं होतं कुणाला तरी.

सायली म.

मरमिया म्हणजे काय? ओव्यासारखं असतं का?

निशिगंधा

@सायली, नाही गं, सेज. पानं लांबट, राखाडी हिरवी, बोटाला लव लागते. काळ्या चहात उकळायची, साखर भरपूर. पोट दुखलं तरी तिथे तेच देतात.

थिओडोलाइट

मोबाईलवर मराठी हळू टाइप होतं, चुका सांभाळून घ्या.

निशिगंधाताई, तुमच्या हज्जाचा प्रश्न मला पाच महिने रोज विचारला गेला. १९९६. सौदीत तबूक ते अल उला या पट्ट्यात रस्त्याच्या सर्वेक्षणाचं काम होतं. मी, दोन मल्याळी, एक पठाण ड्रायव्हर. त्या भागातून जुनी हिजाज रेल्वे जाते. तुर्कांनी १९०० ते १९०८ मध्ये बांधलेली, दमास्कस ते मदिना, तेराशे किलोमीटर. पहिल्या महायुद्धात ती अरबांनी आणि इंग्रजांनी जागोजाग उडवली, ती पुन्हा तशी चालू झालीच नाही. दगडी स्टेशनं मात्र अजून उभी. आत गेलात तर जमीन शिल्लक नाही. प्रत्येक खोलीत माणूसभर खड्डा. तुर्की सैनिक पळताना सोन्याच्या पेट्या पुरून गेले, असं तिथला प्रत्येक माणूस सांगतो. फरशी उचकटलेली, विहिरीचा कठडा उपटलेला. एका ठिकाणी तर भिंतीचा पायाच मोकळा करून टाकला होता आणि भिंत तशीच लोंबकळत होती. बांधकामातला माणूस म्हणून फार वाईट वाटायचं. इतकं नेटकं दगडकाम.

आमच्या कॅम्पजवळ एका बदू म्हाताऱ्याचा बकरीच्या केसांचा काळा तंबू होता. आम्ही त्यांना 'या अम्म' म्हणायचो, म्हणजे काका. रोज सकाळी पिकअपमधून यायचे, स्टीलच्या वाडग्यात उंटिणीचं फेसाळ दूध आणायचे आणि माझ्या ट्रायपॉडपाशी मांडी घालून बसायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना दुर्बिणीतून बघू दिलं. दोन किलोमीटरवरची त्यांचीच शेळी दिसली. बराच वेळ डोळा काढेनात. मग मला हळूच विचारलं, "खाली दिसतं का?"

मी म्हटलं खाली म्हणजे? त्यांनी तळहाताने वाळू थोपटली.

किती समजावलं तरी पटेना. आम्ही काँक्रीटचे छोटे खांब बसवायचो, वर पितळी चकती, तिच्यावर नंबर. एकदा पाच खांब बसवले, तर सकाळी तीन उपटलेले. खाली हातभर खड्डे. चकतीवरचा नंबर म्हणजे खुणेचा आकडा असं कुणाला तरी वाटलं. साहेब भयंकर चिडले. मी अम्मना विचारलं. म्हणाले, "मी नाही. कोणी ते माहीत आहे. सांगणार नाही."

पुढचं जेवणानंतर लिहितो, बायको हाक मारतेय.

चिंगी

काका!! इथे कोणी थांबतं का!

रानफूल

"खाली दिसतं का?" वाचून अंगावर काटा आला.

इतिहासवेडा

थिओडोलाइट काका जेवून येईपर्यंत माझं थोडं. युरोपीय माणसाने पेट्रा पहिल्यांदा पाहिलं ते २२ ऑगस्ट १८१२ ला. योहान लुडविग बुर्कहार्ट, स्विस, वय २७. शेख इब्राहिम नावाने मुसलमान व्यापारी बनून फिरत होता. उघड उघड अवशेष बघायला आलो म्हटलं असतं तर जीव गेला असता, म्हणून त्याने कारण सांगितलं की मूसाचा भाऊ हारून नबी, त्याच्या कबरीपाशी बकरा कापायचा नवस आहे. कबर पेट्राच्या मागच्या डोंगरावर, म्हणजे वाट अवशेषांतूनच. पण वाटेत तो कोरीव थडग्यांत डोकावला आणि मग वाट सोडून त्या 'फेरोच्या पोरीच्या वाड्या'कडे वळला, तेव्हा वाटाड्याला संशय आला. त्याने तोंडावर सांगितलं की तू काफिर आहेस, तुझ्या पूर्वजांचा इथला खजिना न्यायला आलायस, आणि आम्ही त्यातली एक पैही जाऊ देणार नाही.

याहून महत्त्वाची नोंद पुढची आहे. तो लिहितो की इथल्या लोकांच्या समजुतीप्रमाणे पक्क्या जादूगाराला खणायची गरजच नसते. जागा नुसती नजरेने बघून ठेवली की पुरे. नंतर घरी बसून तो राखणदाराला हुकूम देतो आणि धन त्याच्यापाशी येतं. त्यामुळे परक्याने बघणं हेच नेणं. बुर्कहार्टला वहीत चार ओळी खरडायची सोय नव्हती, झग्याच्या आत लपवून लिहायचा.

काकांची दुर्बीण, हज्जाचं "खरं सांग", दोन्ही ठिकाणी तीच शंका आहे, दोनशे वर्षं जुनी. आणि मला ती अडाणी वाटत नाही. त्यांच्या बाजूने बघा. गोरे लोक येतात, दगडावरची अक्षरं उतरवून घेतात, मोजमापं घेतात, निघून जातात. पुढे त्यांच्या देशातल्या संग्रहालयांत इथल्या वस्तू निघतात. खजिना नेलाच की.

आजोबा_७१

फार बरोबर बोललास रे इतिहासवेड्या.

सायली म.

पेट्राला वरपर्यंत किती चढायचं असतं? आईला घेऊन जायचंय डिसेंबरात, तिचे गुडघे दुखतात.

कुर्डुवाडीकर

@सायली, खजिन्यापर्यंत सपाटच आहे, हळूहळू उतार. येताना तोच चढ. आतल्या डोंगरावर मॉनेस्टरी नावाचं दुसरं कोरीवकाम आहे, त्याला मात्र ८०० पायऱ्या, तिथे नेऊ नका. आता बॅटरीच्या गाड्या आहेत गेटपासून खजिन्यापर्यंत. डिसेंबरात थंडी असते बरं, आणि पावसात घळीत पाणी भरतं तेव्हा बंदही करतात.

चिंगी

माझ्या आईचे गुडघे मागच्या वर्षी बदलले, आता ती माझ्या पुढे चालते. सायली, मला निरोप कर, डॉक्टरांचं सांगते.

मालवणी_मुलगी

मी ओमानमध्ये सलालाला नऊ वर्षं स्टाफ नर्स होते. नाइट ड्युटीला म्हातारे पेशंट झोपत नाहीत, त्यांना बोलायचं असतं. एक आजोबा होते, बैत कथीर टोळीतले, रुब अल खाली या मोठ्या वाळवंटाच्या कडेचे. पायाला जखम, साखर वाढलेली. ड्रेसिंग करताना दुखू नये म्हणून मी त्यांना बोलतं ठेवायची. ते उबारची गोष्ट सांगायचे, रोज थोडी थोडी.

उबार म्हणजे वाळूखाली गेलेलं शहर. खांबांचं शहर, लोबानाच्या व्यापाराने इतकं श्रीमंत झालं की लोक माजले, देवाला विसरले, एका रात्रीत वाळूने गिळलं. (कुराणात इरम नावाच्या शहराचा उल्लेख आहे, ते हेच असं ते मानायचे.) सोनं अजून खाली आहे. वारा एखाद्या दिवशी भिंतीचं टोक उघडं करतो, माणूस उंट आणायला जातो, परत येईपर्यंत तिथे टेकडी. आजोबांच्या चुलत्याने म्हणे ते टोक पाहिलं होतं. "खुणेला डोक्याचं फडकं बांधून आला. फडकंही गेलं."

सलालाच्या उत्तरेला शिसर म्हणून जागा आहे. १९९२ च्या सुमारास तिथे जुना किल्ला खणून काढला, तेव्हा उबार सापडलं असा खूप गाजावाजा झाला, पण ते तेच का यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. खालची चुनखडीची पोकळी कोसळली आणि किल्ल्याचा भाग तिच्यात गेला, हे मात्र खरं. म्हणजे जमिनीने गिळलं यात तथ्य आहे! आम्ही सुट्टीच्या दिवशी बघून आलो. गुडघ्याएवढ्या भिंती आणि मधोमध मोठा खड्डा. मुलं म्हणाली, आई, एवढंच?

सोमवारी आजोबांना सांगितलं की मी तुमचं उबार बघून आले. त्यांनी जीभ टाळूला लावून चक् केलं, तिकडे नाही म्हणायची ती पद्धत. "ते नव्हे. खरं अजून आत आहे."

त्यांचा पाय वाचला. घरी जाताना मुलाच्या हाती लोबानाची पुरचुंडी दिली माझ्यासाठी. आमच्या देव्हाऱ्यात अजून थोडा आहे.

निशिगंधा

@मालवणी_मुलगी, "फडकंही गेलं"! किती छान सांगितलंस. आणि त्यांचा पाय वाचला हे वाचून बरं वाटलं.

रानफूल

मी परदेशी गेलेली नाही. पण राखणदार शब्द वाचला आणि लिहावंसं वाटलं. आमच्या तळकोकणातल्या घरी परसात धन आहे अशी वावडी होती. नाग राखण करतो, पायाळू माणसालाच दिसतं वगैरे. बाबांच्या चुलतभावाने कुठून कुठून मांत्रिक आणले. दोन वर्षं अमावास्येच्या रात्री खणत होता. तुळशीखाली, गोठ्यात. आंब्याची कलमं विकली त्यापायी. काही निघालं नाही. काकी शेवटपर्यंत त्या खड्ड्यांत राख आणि पालापाचोळा टाकून बुजवत राहिली. त्यामुळे मला या गोष्टी ऐकायला आवडतात आणि भीतीही वाटते. बदू लोकांतही कोणी असे लुबाडणारे असतात का?

चिंगी

अगं... काकीचं फार वाईट वाटलं.

आजोबा_७१

म्हणून तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला आपल्याकडे. त्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार आहेत. अशा लोकांची तक्रार करायलाच हवी.

निशिगंधा

@रानफूल, असतात. जॉर्डनमध्ये मी ऐकलं की रसद उठवायला मगरिबी शेख लागतो, म्हणजे मोरोक्कोकडचा मांत्रिक. त्याला भरपूर पैसे मोजावे लागतात. धूप जाळायचा, मंत्र म्हणायचे, मग तो सांगणार इथे खणा. कातळावर कुठेही कोरलेला साप, क्रूस, वाटीसारखा खळगा दिसला की ती खूण समजतात. त्यापायी कितीतरी जुन्या थडग्यांची नासधूस झाली आहे. तिकडे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, तरी चालतंच. हज्जाचा धाकटा मुलगा एकदा त्या नादाला लागला होता. तिने त्याची कुदळ विहिरीत टाकली, हे तिनेच सांगितलं.

रानफूल

हज्जाला माझा नमस्कार सांगावासा वाटतोय.

थिओडोलाइट

आलो. माफ करा, नातीचा अभ्यास घेत होतो.

तर अम्म. ते खांब उपटल्याच्या दुसऱ्या दिवशी मला तंबूत घेऊन गेले. कॉफी झाली. वेलचीची, हिरवट पिवळी, छोट्या वाटीत. पुरे झाली तर वाटी हलवून परत द्यायची, नाहीतर भरतच राहतात. मग त्यांनी आतून आईचा जुना बुरखा आणला. बायका चेहऱ्यावर बांधतात तो, नाणी शिवलेला. बहुतेक चांदीची. मधे एक सोन्याचं. मी हातात घेऊन बघितलं. इंग्रजी सॉव्हरिन. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि घोड्याच्या पायाखाली तो सरपटणारा राक्षस.

हे सोनं कुठून आलं ते इतिहासात आहे. तुर्कांविरुद्ध टोळ्यांनी लढावं म्हणून इंग्रजांनी सॉव्हरिनच्या थैल्या वाटल्या. अरबांबरोबर लढलेला इंग्रज अधिकारी लॉरेन्स, त्याच्या उंटांवरूनही हेच सोनं आलं. १९१७ ला अकाबा घेतलं तेव्हाही सोन्याची वचनं दिली होती. म्हणजे या लोकांच्या आजोबांनी खरोखर वाळवंटात सोन्याच्या थैल्या पाहिल्या आहेत. त्यांची नातवंडं खणतात ती काही हवेतली गोष्ट ऐकून नाही. मला हे त्या तंबूत बसून कळलं, त्याआधी मीही त्यांना हसत होतो, त्याची खंत आहे.

अम्मनी नाण्यावर बोट ठेवलं. घोडेस्वारावर नाही, खालच्या सापावर. म्हणाले, "हा रसद. सोनं जिथे जातं तिथे हा बरोबर जातो."

रानफूल, तुमच्या काकीची गोष्ट वाचली आणि हे आठवलं.

मालवणी_मुलगी

बापरे. नाण्यावरचाच नाग!

केतकी_डी

फार छान धागा. अम्मानच्या जॉर्डन म्युझियममध्ये एक वस्तू आहे ती या धाग्यात हवीच. तांब्याची गुंडाळी. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत कातड्यावरचे प्राचीन ज्यू ग्रंथ सापडले ना, त्यांतच १९५२ ला तिसऱ्या गुहेत ही निघाली. बाकीच्या ग्रंथांत धर्म आहे, हिच्यात निव्वळ यादी. ६४ जागा, कुठे काय पुरलंय. अमुक पायरीखाली इतकी चांदी, तमक्या हौदात इतकं सोनं. तांबं इतकं गंजलं होतं की उलगडता येईना, शेवटी १९५५-५६ मध्ये मँचेस्टरला नेऊन करवतीने २३ पट्ट्या कापल्या. काचेखाली त्या पन्हाळीसारख्या वाकलेल्या पट्ट्या ठेवल्यात. अक्षरं ठोकून उमटवलेली, काही ठिकाणी घाईत ठोकल्यासारखी वाकडी. मी तिथे पाऊण तास उभी होते. कोणीतरी हातोडी घेऊन बसून हे ठोकलंय, आपल्या लोकांना पुढे सापडावं म्हणून. त्यातलं एकही ठिकाण आजवर निश्चित सापडलेलं नाही.

आणि या सगळ्या गुहांची सुरुवात बेदुइनांपासूनच. १९४७, तआमिरा टोळीतले गुराखी. हरवलेलं जनावर शोधताना एकाने गुहेच्या भोकात दगड मारला आणि आत मडकं फुटल्याचा आवाज आला. जिन्न असेल म्हणून आधी पळाला अशीच गोष्ट सांगतात. मग सोन्याच्या आशेने आत उतरले, तर रांजणात कातड्याच्या गुंडाळ्या. केवढी निराशा झाली असेल! बेथलेहेमच्या एका चांभाराला नेऊन दाखवल्या, त्याला वाटलं चपलांना कातडं होईल. त्यातलीच एक बायबलमधल्या यशया संदेष्ट्याची पोथी, दोन हजार वर्षांहून जुनी. पहिल्या सातांपैकी चार गुंडाळ्या १९५४ ला अमेरिकेत वर्तमानपत्रात जाहिरात देऊन अडीच लाख डॉलरला विकल्या गेल्या.

आजोबा_७१

गुराख्यांना किती मिळाले असतील त्यातले?

केतकी_डी

@आजोबा, अगदी किरकोळ. त्या अडीच लाखांच्या मानाने काहीच नाही.

इतिहासवेडा

म्हणून हज्जा "कोणीच सांगत नाही" म्हणते.

कुर्डुवाडीकर

तारीख, हिशेब, कायदा, वकील, इनाम, हे सगळे आपल्याकडे अरबीतूनच आलेत बरं का. सासूबाईंना सांगा निशिगंधाताई, त्या तिथे अर्धं संभाषण मराठीत करू शकल्या असत्या.

निशिगंधा

@कुर्डुवाडीकर, सासूबाई गेल्या गेल्या वर्षी. पण त्यांना फार आवडलं असतं हे. त्या कुणीही आलं की "आपला खजिनाच की" ची गोष्ट सांगायच्या.

कुर्डुवाडीकर

अरेरे, माहीत नव्हतं. माफ करा ताई.

निशिगंधा

नाही हो, माफी कसली. बरं वाटलं उलट.

हज्जाचं अजून एक सांगते. २०२४ मध्ये बातमी आली होती, खझ्नेच्या खाली, अगदी पायथ्याशी, थडगं सापडलं. बारा सांगाडे, बरोबर मातीची आणि धातूची भांडी. त्याआधी २००३ मध्येही तिथे खाली थडगी सापडली होती. म्हणजे लोक शंभर वर्षं वर नेम धरून गोळ्या झाडत होते आणि जे होतं ते पायाखाली. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा हज्जाच आठवली. नातवाच्या नंबरवर मेसेज केला, पण तो नंबर आता बंद आहे.

आणि हो, त्या तेरा वर्षांच्या पानांचा काल चहा केला. चव काही उरली नाही, नुसता वास. धाकट्याने विचारलं हा कसला वास, तर ओट्यापाशी उभं राहून फेरो आणि मूसा आणि घट सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, हज्जाला खरं का नाही सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं ना, दगड बघायला आलो. तर म्हणे, मग तिला ते खोटं का वाटलं?

काय सांगणार होते.

चिंगी

तुझा धाकटा कितवीत आहे गं?

निशिगंधा

चौथीत. प्रश्न मात्र दहावीतले.

रानफूल

थिओडोलाइट काका, त्या खांबांचं काय झालं? पुन्हा बसवले का?

थिओडोलाइट

बसवले. या वेळी अम्म म्हणाले, मी बघतो. त्या रात्री आपली घोंगडी घेऊन तिसऱ्या खांबापाशी झोपले. नंतर काम संपेपर्यंत, रोज रात्री एकेका खांबापाशी. सकाळी सगळे जागच्या जागी. साहेबांनी पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. जाताना मला खजुराची पिशवी दिली आणि कानात म्हणाले, "परत येशील तेव्हा एकटा ये. अर्धं तुझं, अर्धं माझं." मी हात मिळवला. परत जाणं झालं नाही.

मालवणी_मुलगी

:( काका.

सायली म.

काय माणसं भेटली तुम्हा सगळ्यांना. आईला वाचून दाखवला सगळा धागा, ती म्हणते गुडघे गेले खड्ड्यात, जायचंच. कुणी सांगेल का, जॉर्डन पास आधी काढला तर व्हिसाचे पैसे वाचतात ना?

कुर्डुवाडीकर

हो, किमान तीन रात्री राहणार असाल तर. पेट्राचं तिकीटही त्यातच येतं. दोन दिवसांचा घ्या, एका दिवसात होत नाही. आणि बूट जुने, पायात बसलेले न्या, नवे नकोत.

सायली म.

धन्यवाद दादा. निशिगंधा, हज्जाची ताडपत्री नाट्यगृहाच्या डावीकडे की उजवीकडे?

निशिगंधा

खजिन्याकडून आत येताना नाट्यगृह डावीकडे राहतं. ते मागे टाकून शंभर एक पावलं, उजव्या हाताला वाकलेला कातळ आहे, खाली काळपट धुराचा डाग. ती नसली तर तिथे कुणीतरी असेलच चहा करणारं. मरमिया घालून माग.